पगार होता, पदवी होती, खोली नव्हती : बडोदे, शार्लट आणि पत्त्याची किंमत

सुरसागरकाठ (धागालेखक)

नोकरीतील माझी शेवटची बारा वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर गेली. त्या टेबलाच्या खणात एक टंकलिखित यादी असे. तिच्यात फक्त वस्त्यांची नावे होती, आणि तोंडी व्यवहारात आम्ही त्या वस्त्यांना ‘निगेटिव्ह एरिया’ म्हणत असू. अर्जदाराचा पगार, नोकरीची वर्षे, आधीच्या कर्जाची फेड हे सारे चोख असले तरी घर यादीतल्या वस्तीत असेल तर फाइल पुढे सरकत नसे. कारण विचारल्यास वसुलीला माणूस जाऊ शकत नाही, मालकीची कागदपत्रे धड नसतात, पुढे गिऱ्हाईक मिळत नाही, अशी तीन उत्तरे तयार असत, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. यादी कोणी केली आणि कधी केली, हे मात्र मी बारा वर्षांत एकदाही विचारले नाही. निवृत्तीनंतर अमेरिकेतील घरकर्जांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तो खण पुन्हा डोळ्यांसमोर आला, म्हणून हा धागा.

महामंदीत हप्ते थकलेल्यांची घरे वाचावीत यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९३३ साली एक गृहकर्ज महामंडळ काढले. त्या महामंडळाने पुढे दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करवून घेतले आणि प्रत्येक वस्तीला हिरवा, निळा, पिवळा किंवा तांबडा रंग दिला. तांबडी वस्ती म्हणजे कर्जाला धोक्याची, आणि तेथे कृष्णवर्णीय लोक राहतात ही गोष्टच धोक्याच्या खात्यात धरली जात असे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जांना विमा देताना याच समजुतीवर काम चालवले. विमा मिळाला की बँक लांब मुदतीचे स्वस्त कर्ज देई, न मिळाल्यास बहुधा दारातूनच परत पाठवी. महायुद्धानंतर उपनगरात स्वतःच्या घरात गेलेल्या गोऱ्या कुटुंबांना पुढे मुलांच्या शिक्षणासाठी, धंद्याच्या भांडवलासाठी त्या घराची वाढलेली किंमत कामी आली. शिवाय तेथील सार्वजनिक शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता-करातून येतो, त्यामुळे स्वस्त घरांच्या वस्तीतील शाळाही गरीबच राहिली. गरिबी, वंश आणि जागा ही तीन वेगळी संकटे नसून एकमेकांत विणलेली आहेत, हे मला या कर्जविम्याच्या व्यवहारावरून जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही सिद्धान्तावरून कळले नसते.

आता आपल्या शहराकडे येतो. सयाजीबागेतील संकल्पभूमी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. महूच्या छावणीत जन्मलेल्या आणि बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. मिळवली, लंडनमध्ये शिक्षण सुरू केले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर कराराप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मात्र मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते पारशांच्या एका पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने येऊन संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची तंबी दिली. त्यांनी दोन मित्रांकडे विचारणा केली. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती, आणि दोघांनीही आपापल्या परीने असमर्थता दाखवली. मग कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली.

या प्रसंगाकडे आपण बहुधा अपमानाची कथा म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. मला येथे हिशोबाच्या बाजूने पाहायचे आहे. चार वर्षे परदेशी शिकवण्याचा खर्च संस्थानने केला, माणूस असामान्य निघाला, नोकरी तयार होती, आणि हे सारे दहा हात रुंदीच्या एका खोलीपाशी अडले. आपण ‘शिका म्हणजे संधी मिळेल’ असे सहज म्हणतो तेव्हा ती खोली कोठे जाते?

आपली मते वाचायला आवडतील.

रावपुऱ्याची मास्तरीण

धाग्याबद्दल आभार, काका. ज्या राजाने शिष्यवृत्ती दिली त्याचे शैक्षणिक काम लक्षात घेतले की ही गोष्ट अधिकच बोचते. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले, त्या वेळी ब्रिटिश मुलखात असे काही नव्हते. शाळेची सक्ती हुकुमाने करता येते, शेजाराची करता येत नाही, एवढाच अर्थ मी यातून काढते.

आपण दांडियाबाजार-रावपुऱ्याच्या मराठी मंडळींनी आरशात पाहावे, असेही मला वाटते. गायकवाडांबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांना दरबारच्या नोकऱ्या मिळाल्या, कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर वाडे मिळाले, दाराशी शाळा, वाचनालय आणि तालीम आली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर दरबार गेला, पण घरातली पुस्तके आणि ‘याच्याशी जाऊन बोल’ असे सांगणारे काका-मामा राहिले. माझे आजोबा साधे कारकून होते. त्यांच्या पगाराने आम्हाला काही दिले नाही, त्यांच्या पत्त्याने दिले. याला आम्ही घरी ‘हुशारी’ म्हणत असू.

निजामपुरा

+१. आमच्याकडे याच गोष्टीला ‘संस्कार’ म्हणत.

नकाशेवाला

लेख आवडला, एक दुरुस्ती सुचवतो. त्या रंगीत नकाशांना हल्ली वाजवीपेक्षा जास्त श्रेय दिले जाते. महामंडळाने सुमारे दहा लाख कर्जे दिली, त्यांतील बहुतेक १९३३ ते १९३५ या काळात, म्हणजे नकाशे तयार होण्याआधीच देऊन झाली होती, आणि नंतर ज्यांना तांबडा रंग मिळाला त्या वस्त्यांतही त्यांपैकी बरीच गेली होती. खरे नुकसान संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या विमा-नियमांनी केले. शिवाय वस्त्या अलग करण्याचे काम नकाशांच्या किती तरी आधी सुरू झाले होते. बाल्टिमोरने १९१० सालीच कोणत्या वंशाच्या माणसाने कोणत्या गल्लीत राहावे याचा नगरपालिकेचा कायदा केला होता.

हे सांगण्याचे कारण केवळ चोखंदळपणा नाही. दोष नकाशाचा मानला की नकाशा फाडला म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते. आपल्या खणातील यादी कोणी संगणकातून पुसून टाकली असेल, तरी अधिकाऱ्याच्या डोक्यातील यादी शिल्लक राहते.

सुरसागरकाठ

दुरुस्ती मान्य. आणि होय, यादी नंतर खरोखरच पुसली गेली. त्यानंतरही त्या वस्त्यांतून मंजूर झालेल्या फाइली मला फारशा आठवत नाहीत.

कारेलीबाग वकील

नकाशेवाल्यांनी बाल्टिमोरचा उल्लेख केला, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. तसल्याच लुईव्हिल शहरातील कायद्याविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने तो कायदा ५ नोव्हेंबर १९१७ रोजी रद्द केला. आंबेडकरांना बडोद्यात जागा मिळेना त्याच्या जेमतेम दोन महिन्यांनंतरची ही तारीख आहे. त्या निकालाचा पाया समतेचा नव्हता. मालकाला आपली मालमत्ता हव्या त्या माणसाला विकता आली पाहिजे, या तत्त्वावर तो उभा होता. त्यामुळे पळवाट लगेच सापडली. नगरपालिकेला जे करता येईना ते घरमालकांनी आपसांत केले, म्हणजे ‘हे घर गोऱ्याखेरीज कोणास विकू नये’ अशी अट खरेदीखतातच घातली जाऊ लागली. १९२६ साली न्यायालयाने या अटींना हात लावला नाही. न्यायालयांमार्फत त्या अमलात आणता येणार नाहीत, असे ठरायला १९४८ साल उजाडले, आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९६८ च्या एप्रिलमध्ये, मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात झाला.

आपल्याकडे काय आहे? अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निर्णय दिला की संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते. खासगी मालकाला जात किंवा धर्म पाहून भाडेकरू नाकारण्यापासून रोखणारा, १९६८ च्या अमेरिकन कायद्यासारखा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. वर गुजरातेत १९९१ चा अशांत धारा आहे. तो लागू असलेल्या भागात, आणि त्यात बडोद्याचेही भाग येतात, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दंगलीनंतर घाबरलेल्या माणसाने मिळेल त्या भावाने घर फुंकून टाकू नये, हा त्याचा सांगितलेला हेतू, आणि तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. व्यवहारात मात्र एका समाजाच्या माणसाला दुसऱ्या समाजाच्या मोहल्ल्यात घर घेणे अधिक कठीण झाले आहे, हे माझ्या कार्यालयात येणारा कोणताही दलाल चहाच्या पहिल्या घोटाबरोबर सांगतो.

मकरपुरा पहिली पाळी

वरची चर्चा घरांची झाली. मी कामाच्या बाजूचे लिहितो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी वीस वर्षे सुपरवायझर आहे. कारखान्याच्या फाटकावर ‘माणसे पाहिजेत’ असा बोर्ड लागलेला मी या काळात क्वचितच पाहिला. जागा निघाली की आतला माणूस आपल्या भावाला, साडूला, गावच्या पोराला सांगतो, आणि ठेकेदार आपल्या तालुक्यातून टोळी उभी करतो. ज्या वस्तीतील एकही माणूस आत नाही, त्या वस्तीला जागा निघाल्याचे कळतच नाही. मग शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणाऱ्याची पाळी सकाळी सातला असेल, तर एवढ्या पहाटे दोन शटल रिक्षा बदलाव्या लागतात, पगाराचा लचका तेथेच तुटतो, आणि तीन वेळा उशीर झाला की ठेकेदार ‘यांच्यात शिस्त नाही’ असे म्हणतो. ‘यांच्यात’ म्हणजे कोणांत, हे त्याला विचारावे लागत नाही.

नोकऱ्या उपनगरात आणि कामगार जुन्या शहरात अडकलेला, ही गोष्ट जॉन केन या अर्थशास्त्रज्ञाने शिकागो आणि डेट्रॉइटच्या बाबतीत १९६८ साली मांडली होती. ओळखीची बाजू तर २०२२ साली अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेसबुकवरील सात कोटींहून अधिक लोकांच्या मैत्रीजाळ्यावरून दाखवली. गरीब घरातील मुलांना पुढे किती उत्पन्न मिळाले हे सांगताना, त्यांच्या वस्तीत गरीब-श्रीमंत यांच्यात मैत्री किती आहे हे माप सर्वांत उपयोगी ठरणाऱ्या मापांपैकी एक निघाले. आमच्या फाटकावरच्या शिपायाने हे विनामूल्य सांगितले असते, पण आकडेवारीला वजन असते हे खरे.

शार्लटहून

मूळचा मांडवीचा, सध्या नऊ वर्षे उत्तर कॅरोलिनातील शार्लट येथे राहतो. चेट्टींच्याच २०१४ च्या अभ्यासात अमेरिकेतील पन्नास मोठ्या शहरी प्रदेशांत आमचे शहर शेवटच्या क्रमांकावर आले होते. उत्पन्नाच्या उतरंडीत तळच्या पाचव्या हिश्शात जन्मलेले मूल वरच्या पाचव्या हिश्शात पोहोचण्याची शक्यता तेथे ४.४ टक्के निघाली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ती १२.९ टक्के होती. हे वाचून शहर हादरले, कारण शार्लट हे बँकांचे, भरभराटीचे, नव्या इमारतींचे शहर. येथे नोकऱ्या होत्या. त्या येथल्याच गरिबांच्या मुलांना मिळत नव्हत्या.

स्थानिक लोक शहराचे वर्णन ‘पाचर आणि चंद्रकोर’ असे करतात. दक्षिणेकडे श्रीमंत आणि प्रामुख्याने गोऱ्या वस्तीची पाचर, आणि तिला पश्चिम, उत्तर व पूर्वेकडून वेढणारी गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्तीची चंद्रकोर. आज जेथे मध्यवर्ती भागात कचेऱ्या आणि मोटारतळ दिसतात, तेथे ब्रुकलिन नावाची कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती होती, तिच्यात चर्चे, दुकाने, शाळा होत्या. १९६० च्या दशकात नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली ती पाडली गेली आणि हजारावर कुटुंबे उठली. शाळांतून मुले मिसळावीत म्हणून बसने दूरच्या शाळेत नेण्याची पद्धत १९७१ च्या ज्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभर मान्य झाली, तो खटलाही याच शहराचा. पुढे ती व्यवस्था मोडली आणि शाळा पुन्हा वस्तीसारख्याच झाल्या.

येथे आल्यावर घर शोधताना दलालाने आम्हाला पहिला प्रश्न शाळेचा विचारला आणि गाडी थेट पाचरीकडे वळवली. आम्ही हिंदुस्थानी अभियंते असल्याने कोणी अडवले नाही. चंद्रकोरीकडे घरे स्वस्त असूनही त्याने ती दाखवलीच नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

स्पष्टवक्ता फतेगंज

सर्वांचे लिखाण वाचले. माझा आक्षेप असा की प्रश्न शेवटी पैशाचा आहे. गरीब गोरा, गरीब काळा, गरीब ब्राह्मण, गरीब दलित, सगळ्यांना सारख्याच अडचणी येतात. त्यात वंश आणि जात आणली की चर्चा भरकटते. आणि जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा शार्लट आणि बडोदे एका तागडीत घालणे मला शास्त्रीय वाटत नाही.

सुरसागरकाठ

आपला आक्षेप दोन भागांचा आहे. जात म्हणजे वंश नव्हे हे मला पूर्ण मान्य आहे. रंग रस्त्यावरूनच दिसतो, जात विचारावी लागते. म्हणूनच आंबेडकरांना दहा दिवस का होईना पथिकाश्रमात राहता आले, आणि म्हणूनच आपल्याकडे घरमालकाचा पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ आणि दुसरा ‘नॉनव्हेज खाता का?’ असा असतो. (अवांतर : हा दुसरा प्रश्न बडोद्यात आपल्यापैकी अनेक मराठी घरांनाही चुकलेला नाही, आणि तेव्हा आपल्याला तो अन्याय वाटतो.) फरक असूनही दोन्हींकडच्या लोकांनी एकमेकांत आपले प्रतिबिंब पाहिले. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर ही संघटना तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेऊन आली.

प्रश्न केवळ पैशाचा आहे, हा दुसरा भाग मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. २०१८ साली चेट्टी आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोन कोटी अमेरिकन मुलांच्या नोंदी तपासल्या. आईवडिलांचे उत्पन्न सारखे, वस्तीही तीच, आणि तरीही मोठेपणी कृष्णवर्णीय मुलग्यांची कमाई गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी, असे ९९ टक्के जनगणना-विभागांत आढळले. श्रीमंत घरात जन्मलेले कृष्णवर्णीय मूल वरच्या पायरीवर टिकण्याची जितकी शक्यता, जवळजवळ तितकीच ते सर्वांत खालच्या पायरीवर घसरण्याचीही होती. याच अभ्यासात मुलींचे चित्र वेगळे निघाले : सारख्या उत्पन्नाच्या घरातील कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलींची स्वतःची कमाई जवळपास सारखीच होती. एकाच घरात वाढलेल्या बहीण-भावांचा पैसा, वस्ती, शाळा एकच असते. तेव्हा अडचण फक्त खिशाची असती, तर ती बहिणीलाही तेवढीच नडली असती.

आपल्याकडचेही पाहावे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले आणि निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला साधारण एक-तृतीयांश भरली. अर्ज कागदावरचे होते, त्यांत गरीब कोणीच नव्हते.

स्पष्टवक्ता फतेगंज

बहीण-भावांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पण मग करायचे काय? सगळ्यांना उचलून चांगल्या वस्तीत नेऊन बसवायचे?

रावपुऱ्याची मास्तरीण

तोही प्रयोग त्यांनी केला आहे. १९९४ पासून बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतील सरकारी गृहसंकुलांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांत चिठ्ठ्या टाकून काहींना भाड्याची मदत देण्यात आली. अट एवढीच की दारिद्र्य दहा टक्क्यांहून कमी असलेल्या वस्तीतच घर घ्यावे. दहा-पंधरा वर्षांनी पाहिले तर मोठ्या माणसांची कमाई वाढली नव्हती, मात्र त्यांचे मन आणि शरीर सुधारले होते, मधुमेहसुद्धा कमी आढळला. त्यामुळे प्रयोग फसला असे पुष्कळांनी जाहीर करून टाकले. नंतर मुले मोठी झाली. वयाची तेरा वर्षे पूर्ण होण्याआधी जी मुले त्या मदतीवर नव्या वस्तीत गेली, त्यांची विशीच्या मध्यातील कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेराच्या पुढच्यांना लाभ झाला नाही, उलट थोडे नुकसानच दिसले.

मी पाचवी ते आठवी शिकवत असे, त्यामुळे हे तेरा वर्षांचे वळण मला वर्गात दिसलेले आहे. पाचवीतले पोर नव्या बाकावर आठ दिवसांत रुळते. आठवीतले पोर शाळा बदलून आले की भिंतीलगत बसते, आणि जुन्या वस्तीतील मित्रांकडे पळून जाते.

मकरपुरा पहिली पाळी

आणि जे मागे राहिले त्यांचे काय? सगळी हुशार कुटुंबे उचलून नेली तर वस्तीत आतला माणूस कोण उरणार? मला तर पहाटेची एक बस आणि फाटकावर खरा बोर्ड, एवढेच आधी हवे आहे.

सुरसागरकाठ

दोन्ही हवे आहे, असे मी म्हणेन, आणि बस आधी हवी हेही मान्य करीन, कारण ती उद्या सुरू करता येते. स्थलांतराबाबत मात्र सिअॅटलमध्ये नंतर झालेला एक प्रयोग येथे नोंदवतो. तेथे भाड्याची मदत सर्वांनाच मिळणार होती. काही कुटुंबांना त्याशिवाय एक माणूस दिला गेला, जो घर शोधायला मदत करी, घरमालकाशी बोले आणि अनामत रकमेची सोय पाही. असा माणूस नसलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबे संधीच्या वस्तीत, म्हणजे जेथे वाढलेली गरीब मुले पुढे जातात अशा वस्तीत, पोहोचली, असा माणूस मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. पैसा दोघांकडे सारखाच होता.

हे वाचताना मला आंबेडकरांनीच लिहून ठेवलेला एक तपशील पुन्हा पुन्हा आठवत राहिला, जो आपण संकल्पभूमीवर फारसा सांगत नाही. पथिकाश्रमात चोरून राहत असताना त्यांची सारी भिस्त संस्थानकडून सरकारी बंगला मिळण्यावर होती आणि तसा अर्ज त्यांनी दिवाणांकडे केला होता. अर्ज कोणी फेटाळला नाही. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जात राहिला, आणि निर्णय होण्याआधी अकरावा दिवस उजाडला.